आदी तू पी

दुष्काळाच्या त्या वर्षी मी सोलापूरहून पाण्याचे फिल्टर विकत हिंडायचो. मैंदर्गीत एका म्हातारीच्या ओट्यावर मी डबक्याचं हिरवट पाणी फिल्टरात ओतलं. चिनीमातीच्या कँडलमधून झिरपून ते खाली स्वच्छ आलं.

म्हातारी म्हणाली, "आदी तू पी."

मी प्यायलो. उठायला गेलो, तर तिनं हाताला धरून बसवलं. "बस की. पोटात काय हुतंय, बगू दे."

गालाला हात लावून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मधूनच माझं कपाळ चाचपायची. माझी एसटी गेली.

संध्याकाळी तिनं पिठलं-भाकरी वाढली. सकाळपासून उपाशी होतो, मागत गेलो. टोपली रिकामी झाली तशी फिल्टर माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "पानी लई चांगलं हाय, बाबा. पण त्यानं एवडी भूक लागती, दुष्काळात परवडायचं न्हाय."