टेबलावर वाकताना

नातीच्या स्नूकरच्या शिकवणीला मी हौसेनं सोबत जाते. काल सरांनी मुलांना हनुवटी थेट काठीला टेकवून वाकायला सांगितलं. आठ वर्षांची सई हिरव्या टेबलावर निर्धास्त ओणवी झाली.

लग्नाच्या नवलाईत आमचे हे मलाही क्लबात न्यायचे. "मारून बघतेस का?" असं एकदा विचारलंही. पण मी पडले शालीन! चारचौघांत असं वाकायचं कसं, म्हणून "इश्श" म्हणाले आणि नको असलेलं सरबत पीत बसले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आता ते नाहीत.

"आजी, तू मार ना एक!" सईनं काठी पुढे केली.

गुडघे नको म्हणत होते. त्यांना विचारलंय कोणी? मी वाकले. चेंडू भलतीकडेच गेला. सगळी मुलं खदखदून हसली. त्यात ह्यांचं हसू तेवढं नव्हतं.