दोन एकर शार्डोने आणि आमची थोर मंडळी

वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये कामाला असलात की किस्से शोधावे लागत नाहीत. माणसं स्वतःच्या गाडीत पेट्रोल टाकून दिंडोरीपर्यंत किस्सा द्यायला येतात. त्यात वडीलधारी मंडळी असली की माझी चंगळ! इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडल्यापासून यांचे सल्ले मी उभ्याउभ्या ऐकलेत. आता निदान त्याचा पगार मिळतो.

पहिला मान नानाकाकांचा. मी इथं लागल्यावर त्यांनी अख्ख्या भावकीत सांगितलं, "पोरगं गुत्त्यावर बसलं." दोन महिन्यांनी स्वतः हजर. प्यायची नव्हती, फक्त जागा बघायची होती. जागा बघता बघता चार ग्लास झाले. पाचव्याला म्हणाले, "हार्टला चांगली असती म्हणं."

नानांचं हार्ट ठणठणीत आहे. दुखतो तो गुडघा.

मग आमच्या कॉलेजचे एक रिटायर्ड सर. "तुझ्यात कॉन्सन्ट्रेशन नाही" हे मला ऑफिसात बोलावून सांगणारे. त्यांनी ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं आणि सोबतच्या मंडळींना शार्डोने या पांढऱ्या वाईनवर दहा मिनिटं लेक्चर दिलं. हिरवं सफरचंद, लोणी, ओकचं लाकूड, सगळं सापडलं त्यांना. मी पूर्ण कॉन्सन्ट्रेशननं ऐकलं आणि सांगितलं, "सर, ही शेनिन आहे. शार्डोने अजून उघडलीच नाही."

सर म्हणाले, "तोच फरक समजावतोय."

आता घरचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं खायची द्राक्षं पिकवतात. मी भांडून भांडून त्यांना वायनरीसाठी दोन एकर शार्डोनेची द्राक्षं लावायला लावली. आप्पांची अट एकच. वायनरीनं माल नाकारला तर वेलींवर करवत, आणि मी शेतात पाय ठेवायचा नाही.

शार्डोनेचा मणी लहानच असतो, लहानच हवा. वायनरीनं लिहून दिलं होतं, मणी फुगवायचं औषध वापरू नका. आप्पांना ते बारके घड बघवेनात. त्यांनी गुपचूप एकूणएक घड औषधात बुडवला. कशाला, विचारलं तर म्हणाले, "लोक काय म्हणतील? माल हाय का वाटाणे?"

वायनरीनं गाडी गेटवरूनच परत पाठवली. आप्पा मला म्हणाले, "तुझी वायनरी अडाणी हाय."

तो माल नातेवाइकांना वाटला. मनमाडच्या आत्याचा फोन आला, द्राक्षात बिया आहेत. पेठच्या मामांचा आला, साल जाड आहे. आप्पा प्रत्येकाला शांतपणे सांगत होते, "पोरानं लावलीत."

करवत आणि माझी शेतबंदी मात्र एक वर्ष पुढं गेली. आईनं दोन दिवस चूल बंद ठेवली म्हणून.

पुढच्या वर्षी औषध नाही, पण नवीन वाद. वायनरीनं तोडणीला मंगळवार दिला. आंबटपणा टिकला पाहिजे, नाहीतर वाईन मिळमिळीत होते. आप्पा एक मणी चावून म्हणाले, "आठ दिवस थांब. मध होऊ दे." आणि नानांना घेऊन मनमाडला लग्नाला गेले.

मंगळवारी मी तोडलं. माल पास झाला.

आप्पा परत आले, रिकाम्या वेली बघितल्या आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. पास झाला म्हणून काय झालं? कच्चा माल घेणारे अडाणीच! आता वाईन आंबट निघाली तर करवत, हा निरोपही आईमार्फत. मी समोर बसलेलो असताना.

आमच्या प्लॉटची वाईन वेगळी भरली होती. बाटली आली त्या रविवारी आप्पा टेस्टिंग रूममध्ये आले. टोपी, इस्त्रीचा सदरा, शेजारी नाना, गुडघ्यासकट. मी घोटभर ओतली. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसानं ग्लास उजेडात धरला, एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला. वेलीवरचा मणी चावताना ठेवतात, तसाच.

शेजारच्या टेबलावर मुंबईचे एक काका होते. तीच बाटली. तोंड वाकडं करून म्हणाले, "जरा आंबटच आहे, नाही?"

आप्पांनी घोट गिळला. माझ्याकडे बघितलं नाही. त्या काकांकडे वळले.

"आंबट नाय. वेळेवर तोडलीय."

आणि रिकामा ग्लास माझ्याकडे सरकवला.