दोरावरचा पहिला माणूस

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तरेतल्या बर्फात होती. मी नायब सुभेदार. पोस्टवर आम्ही दहा जण, फायबरच्या दोन झोपड्या, एक रेडिओ सेट आणि एक हेलिपॅड. हेलिपॅड म्हणजे पायांनी तुडवून सपाट केलेला बर्फ.

रूटीन साधं होतं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात उभं राहायचं, मग चहा, मग फावडी घेऊन रात्रीचा बर्फ बाजूला करायचा. त्यानंतर नर्सिंग असिस्टंट प्रत्येकाच्या बोटाला यंत्र लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचा. दर चार-पाच दिवसांनी लिंक पेट्रोल निघायची. शेजारच्या पोस्टपर्यंत वाट चालती ठेवायची, हे तिचं काम. सगळे एका दोराला बांधलेले असतात. जो पुढं चालतो तो काठीनं बर्फ टोचून बघतो आणि मगच पाय टाकतो. बर्फाखाली भेग असली तर तोच पहिला आत जातो.

आमच्या दोरावर पहिला असायचा नाईक सतीश गाडे.

गाडे चाकणच्या पुढच्या एका वाडीतला. घरची जमीन एमआयडीसीत गेलेली. भरती व्हायच्या आधी तो तिथल्याच एका कारखान्यात कंत्राटावर होता. एकदा स्टोव्हवर बर्फ वितळवताना त्यानं मला सांगितलं, "साहेब, आमच्याच शेतावर शेड उभी हाय. दोन वर्षं काम केलं तिथं. सुपरवायझर मला 'ए टेम्पररी' म्हणायचा. नाव काय, कुणी विचारलं नाही."

"आणि इथं?"

"इथं गाडे पुढं असल्याशिवाय पेट्रोल निघत नाही."

तो हे हसत बोलला. पण ते खरं होतं आणि त्याला ते जपायचं होतं. सुट्टीची पाळी आली तरी त्याची कुरकुर असायची. मी नसताना पुढं कोण चालणार, हा त्याचा पहिला प्रश्न.

त्या आठवड्यात तीन दिवस सलग बर्फ पडला. वाट बुजली. शेजारच्या पोस्टवर रॉकेल संपत आलं होतं. आभाळ उघडताच पेट्रोल काढायची ऑर्डर आली.

सकाळी गाडे खोकला. मी विचारलं, "काय रे?"

"घसा बसलाय साहेब. कोरडी हवा."

"यंत्र लावलं?"

"माझं झालं."

झालं नव्हतं, हे मला नंतर कळलं. तो चेकच्या वेळी फावडं घेऊन बाहेर गेला होता आणि परत आल्यावर नर्सिंग असिस्टंटलाही हेच सांगितलं होतं. त्याच्या शब्दावर शंका घ्यावी असं तो कधी वागलाच नव्हता.

आम्ही सहा जण निघालो. पहिला तासभर तो नेहमीसारखा चालला. मग दर दहा-बारा पावलांवर थांबू लागला. मला वाटलं, बर्फ तपासतोय. अर्ध्या वाटेवर तो खाली बसला आणि काठी बाजूला ठेवली. मी दोर धरून पुढं गेलो. त्याचे ओठ निळे पडले होते. श्वासाबरोबर छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. तो थुंकला तेव्हा बर्फावर गुलाबी फेस पडला.

त्या उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं. आम्ही त्याला 'हॅपो' म्हणतो. लवकर कळलं आणि माणूस खाली उतरवला तर तो वाचतो. बहुतेक वाचतात.

स्लेजवर बांधून त्याला परत आणलं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. मी सेट घेतला.

"एक हॅपो केस. हालत सीरियस. चॉपर चाहिए, ओव्हर."

"मौसम देख रहे हैं. पायलट तैयार है. इंतजार करो, ओव्हर."

बाहेर ढग हेलिपॅडवर टेकले होते. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती.

हवेचा दाब वाढवणारी एक मोठी पिशवी असते, पेशंटला तिच्यात झोपवतात. चेन लावण्याआधी गाडेनं माझी बाही धरली.

"माझ्या जागी कोण घेतला साहेब?"

"जागा गेली खड्ड्यात. तू बरा हो."

"पण कोण?"

मी नाव सांगितलं. त्यानं मान वळवली. आम्ही चेन लावली आणि पाळीपाळीनं पायपंप मारू लागलो. मधे एकदा चॉपरचा आवाज ऐकू आला. तो वर घिरट्या घालत राहिला, मग लांब गेला. सेटवर पायलटचा आवाज आला, "सॉरी साहब. कुछ नहीं दिखता." दुपारी तीनच्या सुमाराला पिशवीच्या छोट्या काचेला आतून त्याच्या श्वासाची वाफ धरायची थांबली.

त्याच्या शेजारी झोपणारा जवान संध्याकाळी रडत म्हणाला, "दोन रात्री झाल्या साहेब, स्लीपिंग बॅगमध्ये तोंड खुपसून खोकायचा. कुणाला सांगितलंस तर बघ, म्हणाला."

पार्थिव घेऊन मी आलो. लोहगाव विमानतळावरून गाडी भोसरी, मोशीमार्गे निघाली. पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरची रांग होती, पण पोलिसांनी वाट करून दिली. चाकणच्या चौकात गणवेशातल्या फोटोचे फ्लेक्स लागले होते. कंपन्यांची पहिली शिफ्ट सुटलेली, बसमधले कामगार खिडकीतून हात जोडत होते. वाडीत सलामी झाली. भाषणं झाली. प्रत्येकानं त्याच्या कर्तव्याबद्दल सांगितलं.

नंतर त्याची बायको मनीषा मला म्हणाली, "साहेब, खरं काय झालं?"

मी सांगितलं. खोकला लपवला, तेही सांगितलं.

ती मग म्हणाली, "घरी साधा ताप आला तरी माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हायचे. मनी डोकं दाब, मनी पाणी दे. सगळ्या वाडीला कळायचं. मग तिथं का नाही सांगितलं?"

उत्तरही तिनंच दिलं. "इथं त्यांना कुणीतरी होऊन दाखवावं लागायचं नाही."

पुढं मी सुभेदार होऊन रिटायर झालो. मोशीला फ्लॅट घेतला. चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर म्हणून लागलो. गेल्या वर्षी कंपनीनं सिक्युरिटीची एजन्सी बदलली आणि माझं काम गेलं. पेन्शन आहे, मुलगी मारुंजीला राहते, कमावती आहे. अडचण काही नव्हती. तरी रोज पहाटे उठून दाढी करायचो, बूट पॉलिश करायचो आणि खुर्चीवर बसून राहायचो. लिफ्टमध्ये शेजारी विचारायचे, "सुभेदारसाहेब, सध्या काय करता?" महिनाभरानं मी लिफ्ट सोडून जिन्यानं जाऊ लागलो.

अशाच एका दुपारी मोटारसायकल काढली आणि वाडीला गेलो. गाडेची आई ओसरीवर शेंगा फोडत होती. मी आत्तापर्यंत तिथं दर पुण्यतिथीला गेलो होतो. प्रत्येक वेळी माइकवरून दोरावरच्या पहिल्या माणसाबद्दल बोललो होतो. रिकाम्या हातानं असा पहिल्यांदाच आलो होतो.

"आज मधीच कसा आलास?" तिनं विचारलं.

"काम सुटलं, आई. घरीच असतो."

"बरं. जेवलास का?"

"नाही."

ती आत गेली, भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आली. कामाबद्दल पुन्हा एक शब्द विचारला नाही. जेवण झाल्यावर तिनं सूप माझ्याकडं सरकवलं. आम्ही दोघं शेंगा फोडत बसलो.

मग ती म्हणाली, "तू लई चांगला बोलतोस त्येच्याबद्दल. पर सगळं कामाचंच बोलतोस. त्यो घरात कसा व्हता, ह्ये आजवर कुनी इचारलं न्हाई."

मी हातातली शेंग खाली ठेवली. "कसा होता, आई?"

ती सांगू लागली. दुधावरची साय चोरायचा आणि मिशीला लागलेली पुसायला विसरायचा. वीज कडाडली की मोठा झाला तरी आईच्या जवळ येऊन बसायचा. म्हैस व्याली तेव्हा पारडू जगलं नाही, तर दोन दिवस जेवला नव्हता. मनीषाला बघायला गेला तेव्हा चहाचा कप सांडला आणि सगळ्यांच्या देखत तिच्याबरोबर फरशी पुसायला बसला. गाणं अजिबात येत नव्हतं, पण आंघोळीला गेला की मोठ्यानं गायचा.

दोन वर्षं मी त्याच्या मागं एका दोराला बांधून चाललो होतो. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. अंधार पडेपर्यंत ती सांगत होती आणि मी ऐकत होतो.