आंघोळीपुरता चिमटा

चंदनी साबणाचा वास आला की अजून माझ्या छातीत धस्स होतं. बाबांना न्यूमोनिया झाला तेव्हा हॉस्पिटलने त्यांना आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या घरीच ॲडमिट केलं होतं, म्हणजे ऑक्सिजनचं मशीन, दोन वेळा येणारी सिस्टर आणि बोटाला ऑक्सिजन नि ठोके मोजणारा एक चिमटा, ज्याचे आकडे थेट हॉस्पिटलच्या स्क्रीनवर दिसायचे. जरा बरं वाटू लागल्यावर बाबांनी आंघोळीचा हट्ट धरला. नळाला पाणी नऊला यायचं, त्या वेळेला ते बाथरूममध्ये शिरायचे. एका सकाळी ते आत असताना हॉस्पिटलने दिलेल्या टॅबवर डॉक्टर आले नि म्हणाले, "पेशंटचे ठोके पस्तीसवर आलेत. आडवं करा त्यांना, ॲम्ब्युलन्स निघालीय." मी बाथरूमचं दार बडवलं. "काय गं, आग लागलीय का?" म्हणत बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले, कानामागे चंदनी साबणाचा फेस तसाच, पण ठणठणीत. त्यांच्या बोटाला चिमटा नव्हता. मग हे ठोके कुणाचे? वळून पाहिलं, तर आई जमिनीवर बसून एका हाताने मेथी निवडत होती आणि चिमटा तिच्या दुसऱ्या हाताच्या बोटाला होता. "काढून ठेवला की हॉस्पिटलवाल्यांचा लगेच फोन येतो," ती म्हणाली, "उगाच कशाला त्यांना त्रास, म्हणून यांच्या आंघोळीपुरता मीच लावते. आज जरा जास्त गरगरतंय." बाबांसाठी आलेल्या ॲम्ब्युलन्समधून आम्ही तिला नेलं. आज तिच्या छातीत पेसमेकर आहे. गरगरणं महिनाभर चालू होतं म्हणे. त्या महिन्यात आमच्या घरात "कसं वाटतंय?" हा प्रश्न दिवसातून दहादा विचारला जायचा, आणि ती तिथेच बसलेली असायची.