तुर्दाकुनचं साधं पातं

तुमच्या खिशात आत्ता जो चाकू आहे, त्याची धार साधी आहे की दातेरी? आणि साधी असेल तर ती शेवटची ज्याच्याकडून लावून घेतलीत, त्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे का?

नसेल तर मान खाली घालू नका, निदान माझ्यासमोर नको. मला नाव माहीत होतं. एकोणीस वर्षं माहीत होतं. तरी मी जे केलं ते केलंच.

त्याचं नाव तुर्दाकुन. आमच्या कोचकोर गावच्या बाजारात, खोगीर-लगामवाल्यांच्या मागे, तिसऱ्या रांगेत त्याची जागा. जागा म्हणजे एक लाकडी पेटी, पायाने फिरवायचा धारेचा दगड, पत्र्याच्या ताटात मांडलेले घडीचे चाकू, आणि समोर मोडीत निघालेल्या बसमधून उचकटून आणलेला दोन माणसांचा बाक. चाकूला धार लागेपर्यंत गिऱ्हाइकाने त्या बाकावर बसायचं. बाकाचं रेग्झिन फाटलंय, आतला स्पंज त्याने जुन्या कोटाच्या अस्तराने झाकलाय.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हिवाळी कुरणावर बर्फात घोडा घसरला आणि तुर्दाकुन त्याच्या खाली सापडला. दवाखाना गाठेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. पाय जुळला, पण चार बोटं आखूड जुळला. तेव्हापासून तो प्रत्येक पावलाला डावीकडे बुडतो आणि वर येतो. मेंढ्या राखायचं सुटलं, धारेचा दगड हाती आला. बायको झुउराकान बारा वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. गावाच्या टोकाला घर, घरात एक कुत्रा, तोही आता बहिरा.

मी बुरुल. त्याच रांगेत नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे, गालिचे विकते. आठवीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं भांडून शिकले. बाजाराच्या व्यवस्थापकाने गाड्या लावायला जागा हवी म्हणून आमची रांग उठवायचं ठरवलं, तेव्हा मी बाजाराचे नियम अक्षर-अक्षर लावत वाचले, एकेचाळीस सह्या घेतल्या आणि ऑफिसच्या पायरीवर नऊ दिवस बसले. रांग राहिली. तुर्दाकुन आकेने, वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे आके म्हणतात, सही केली, घोषणा एकही दिली नाही. पण नऊही दिवस दुपारी चहाची किटली आली, आणि ती तो स्वतः घेऊन यायचा, बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बुडत आणि वर येत. तेव्हापासून मी सगळीकडे सांगायचे, आकेला कोणी काही बोललं तर गाठ माझ्याशी आहे.

दुसऱ्यांशी गाठ घालणं मला चांगलं जमतं.

चाकू तो दोन्ही तऱ्हेचे विकायचा, साधे आणि दातेरी. दातेरी नवे आले तेव्हाची गोष्ट. मिनीबस चालवणारा कुबात ताटावर वाकून उभा होता.

"आके, हा दातेरी दे. आता सगळे हाच घेतात."

"दिवसभर काय कापतोस?"

"समोर येईल ते."

"म्हणजे पाव, मांस आणि सफरचंद. गाडीतल्या लोकांची डोकी खातोस, त्याला चाकू लागत नाही."

कुबात हसला. मीही माझ्या जागेवरून हसले.

"ऐक," आके म्हणाला. "नायलॉनचा दोर असेल, गठ्ठ्याचा पट्टा असेल, रबराची नळी असेल, तर दातेरी घे. दात रुततात, ओढलं की काम झालं. धार उतरली तरी वर्ष-दोन वर्षं रेटून नेतं. पण मांस ते फाडतं, कापत नाही. सफरचंद सोललंस तर निम्मं सालीबरोबर जाईल. आणि एकदा बोथटलं की माझ्या दगडाला ते दाद देत नाही, एकेक दात कानशीने घासावा लागतो. साधं पातं महिन्याभरात थकतं, खरं आहे. पण चहाच्या चिनी मातीच्या वाटीच्या बुडावर चारदा फिरव, पुन्हा उठून बसतं. अगदीच नाही उठलं तर मी आहे."

"म्हणजे साधं घेतलं की महिन्या-दोन महिन्यांनी तुझ्या दारात."

"हो. चहा माझ्याकडून."

"नको बाबा. एवढा वेळ कोणाला आहे? दातेरीच दे."

त्याने दातेरी दिला. कागदात गुंडाळून, नीट. खोटं सांगून साधा गळ्यात मारणं त्याला एकदाही जमलं नाही. मी त्याला म्हणायचे, आके, तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःचं गिऱ्हाईक घालवता. तो म्हणायचा, दोर कापणाऱ्याला साधं देऊ का?

दोन वर्षांत तो बाक रिकामा झाला. पूर्वी शनिवारी, जनावरांच्या बाजाराच्या दिवशी, त्यावर जागा मिळायची नाही. माणसं चाकू द्यायची आणि बसायची. कोणाची घोडी व्याली, कोणाचा पोरगा मॉस्कोला गेला, कोणाची सून रुसली, सगळं त्या बाकावर. आता लोक समोरून जाताना लांबूनच हात करतात. खिशात दातेरी असतो, त्याला थांबायचं कारण नसतं.

मी एकदा माझी लोकर कापायची कात्री घेऊन गेले होते. बसून कंटाळले आणि म्हटलं, "आके, सात मिनिटांचं काम. तुम्हाला अर्धा तास का लागतो?"

"सात मिनिटांत केलं तर तू सात मिनिटांत उठून जाशील," तो म्हणाला. दगडावरून नजरही वर केली नाही.

मी ते थट्टेवारी नेलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या दोन्ही घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात. लांबून माणसं धावत येतात, जो पहिला पोचेल तो चाकूने दोरी कापतो, आणि मूल मोकळं चालायला लागतं. कापणाऱ्याची चाल मुलाला लागते म्हणतात. त्यासाठी चाकू आदल्या दिवशी तुर्दाकुनकडून लावून आणायचा, हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक. त्या धारेचे तो कोणाकडून सोमचं एक नाणंही घ्यायचा नाही. पातं परत देताना म्हणायचा, "पोराला मोकळं चालू दे." इतक्या वर्षांत किती पोरं त्याच्या धारेवर चालती झाली, आणि एकाही घराने त्याला "या" म्हटलं नाही. धावणं तर लांबच, नुसतं येऊन मांस खा असंही नाही. कारण काय, ते कोणी तोंडाने बोलत नसे. सगळे त्याच्या पायाकडे बघत.

ह्यावरून मी बाजारात लोकांच्या तोंडावर बोलले आहे. लाज नाही का वाटत, असं विचारलं आहे.

मग माझा नातू चालायला लागला.

आयझिरेकचा, माझ्या मुलीचा, मुलगा. तिलेक. मुलगी म्हणाली, "आई, पाहुण्यांची यादी तू कर, पण एक सांगते. त्या धारवाल्या आकेला नको."

"का नको?"

"का ते तुला माहीत आहे. माझं एकच पोर आहे. बाजारात लढायचं तेवढं लढ, माझ्या अंगणात नको."

मी भांडले नाही. ऑफिसच्या पायरीवर नऊ दिवस बसलेली बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात गप्प बसली. खरं लिहायचं तर, तिने तोंड उघडण्याआधीच त्याचं नाव मी यादीत घातलं नव्हतं.

पण चाकू हवा होता. घरचा जुना चाकू धारेला नेला तर तो विचारणार, कोणाच्या घरचं कार्य? सांगितलं तर बोलवावं लागणार. म्हणून मी नवाच विकत घ्यायला गेले.

"एक चाकू द्या आके."

"कशासाठी?"

"दोरी कापायला."

"कसली दोरी?"

"दोरी म्हणजे दोरी. तुम्ही हल्ली पोलिसांसारखं विचारता."

त्याने मग दातेऱ्यांतला एक उचलला, अंगठ्याने उघडून खटका पाहिला, मिटला आणि कागदात गुंडाळला. "दोरीला हाच बरा," म्हणाला. "थोडी बस, किटली ठेवलीय."

"घाई आहे," मी म्हटलं. आणि निघाले.

शनिवारी अंगण भरलं होतं. पोराला पांढऱ्या नमद्यावर उभं केलं, दोरी बांधली. पॉप्लरच्या झाडापासून पुरुष धावत सुटले. पहिला आला ओमुरझाक, शाळेत खेळ शिकवतो, सरळ लांब पायांचा माणूस. आयझिरेकच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. त्याने माझा नवा चाकू उघडला, दोरीखाली घातला आणि ओढला.

ती नायलॉनची दोरी नव्हती. सैल पिळाची लोकर होती, मीच वळलेली. दात तिच्यात अडकले. कापण्याऐवजी त्यांनी दोरी ओढली, दोरीने पाय ओढले, आणि पोर नमद्यावर तोंडावर आपटलं. काळे धागे तुटले, पांढरे तसेच राहिले. ओमुरझाक पुन्हा ओढायला गेला तशी माझी म्हातारी मावशी त्याच्या हातावर मारून म्हणाली, "ठेव ते. करवत आहे की चाकू? अर्धी तुटलेली दोरी हातानं सोडायची नाही आणि त्याच पात्यानं पुन्हा कापायची नाही. चांगलं पातं आणा."

ज्याच्या त्याच्या खिशातून चाकू निघाले. नऊ-दहा निघाले. बहुतेक दातेरी, आणि दोन साधे होते ते इतके बोथट की लोणी कापलं नसतं. पोर रडत होतं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

बाजार आमच्या घरापासून गाडीने पाच मिनिटं. मी पाहुण्यांतून कुबातला उठवलं आणि गेले.

आके बाकावर बसला होता, गिऱ्हाइकाच्या जागेवर. समोर दोन वाट्या होत्या. एक भरलेली, एक पालथी.

"साधं पातं द्या," मी म्हटलं. "लोकर कापायचीय. काळी-पांढरी."

तो समजला. मी दिसले तेव्हाच समजला असणार, कार्याचा रुमाल बांधलेला होता माझ्या डोक्याला.

"कोणाची?"

"नातवाची."

"पडला?"

"पडला."

"मला सांगायचंस," तो म्हणाला. "लोकर म्हणाली असतीस तर तो दिला नसता." एवढंच. मी इतक्या वर्षांत ऐकलेल्या शिव्यांपैकी एकही मला इतकी लागली नव्हती.

त्याने स्वतःच्या खिशातून चाकू काढला. शिंगाची मूठ, पातं घासून-घासून गवताच्या पातीएवढं उरलेलं. पालथी वाटी हातात घेतली आणि तिच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं फिरवलं, चार वेळा एका बाजूने, चार वेळा दुसऱ्या. चाकू मिटला, माझ्या हातात दिला नाही, बाकावर ठेवला.

"उचल. दोरीखाली घाल आणि धार वर कर. ओढायचं नाही."

"तुम्ही चला," मी म्हटलं. "गाडी उभी आहे."

"माझ्या चालीने निघालो तर पोर शाळेत जायच्या वयाचं होईल."

"थट्टा नको. चला. लोकांचं मी बघते."

"लोकांचं तू बघशील. तुझ्या लेकीचं?"

कुबातने गाडीतून भोंगा वाजवला. मी चाकू उचलला आणि पळाले.

दोरी तुटल्याचा आवाजही आला नाही. ओमुरझाकने धार वर केली आणि पांढरे धागे आपोआप बाजूला झाले. तिलेक उठला, दोन पावलं डळमळला, मग चालत सुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तळलेल्या कणकेचे बोरसोक उधळले. आयझिरेकने चाकू हातात घेऊन पाहिला आणि न विचारता मला परत दिला. तिलाही ते पातं ओळखू आलं होतं.

संध्याकाळी मी मेंढीच्या पाठीचा मोठा तुकडा, बोरसोक आणि चाकू घेऊन गेले. तो निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मांस गार होऊन चरबी पांढरी पडली होती. त्याने ते पेटीवर ठेवलं, आधी चाकू उघडला.

"एका झटक्यात?"

"एका झटक्यात."

"मग? पडला?"

"नाही. कुंपणापर्यंत गेला."

"पाय सरळ टाकतो?"

"सरळ टाकतो, आके."

पात्याच्या सांध्यात लोकरीचा एक धागा अडकला होता, पांढरा. त्याच्यासारख्या माणसाने तो सगळ्यात आधी काढला असता, असल्या धाग्याने खटका अडतो, हे त्यानेच मला शिकवलंय. त्याने पाहिला. मग धाग्यासकट चाकू मिटला आणि खिशात ठेवला. मी बाकावर बसले. घाई नव्हती. चहा पिऊन झाला, आणि मी उठले.

आयझिरेकला पुन्हा दिवस गेलेत. मी तिच्याशी आकेबद्दल बोलले, एकदा नाही, पाचदा. ती नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही, भांडी घासत राहते. आकेलाही विचारलं, या पोराच्या कार्याला याल का. तो म्हणाला, "ते पोर आधी चालू तर दे." धागा अजून चाकूत आहे. मी बघितलाय.

तेव्हा तुम्हाला सांगते. दोर, पट्टे कापत असाल तर दातेरी ठेवा, त्यात वाईट काही नाही. पण एक साधा चाकूही ठेवा, तो बोथट होऊ द्या, आणि तिसऱ्या रांगेत जा. तो किटली ठेवलीय म्हणाला की घाई आहे म्हणू नका. आणि तुमच्या घरी कोणी पहिलं पाऊल टाकलं असेल, तर आकेचा चाकू मागून नेऊ नका, त्यालाच गाडीत बसवून घेऊन जा.