तिच्या वतीनं दिलेलं उत्तर

माझी बायको लग्नानंतर दर रविवारी माझ्याबरोबर चर्चला आली, पण तिनं शेवटपर्यंत बाप्तिस्मा घेतला नाही. नांदेडच्या आमच्या मंडळीत हे सगळ्यांना माहीत होतं. प्रभुभोजनाच्या दिवशी बाप्तिस्मा झालेले सगळे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जाऊन गुडघे टेकायचे, तेव्हा ती मागच्या बाकावर एकटी बसून राहायची. मी परत आलो की माझ्यासाठी थोडी सरकायची. मंडळीत नव्यानं आलेली एखादी बाई विचारायची, "ताई, तुम्ही का नाही घेत?" ती म्हणायची, "माझं अजून ठरायचं हाय." हे इतक्या साधेपणानं म्हणायची, की विचारणारी तिथंच विषय सोडायची.

ती लिंगायत घरातली. तिच्या वडिलांचं उदगीरला कापडाचं दुकान होतं आणि देवणीजवळ शेती होती. मी वीज मंडळात होतो. बदली होऊन उदगीरला गेलो आणि त्यांच्याच दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. आम्ही लग्न केलं ते लातूरला, कोर्टात. त्या दिवशी तिच्या वडिलांनी दुकान बंद ठेवलं, घरात कुणी मेल्यावर ठेवतात तसं. ते होते तोवर तिला त्या घराचा उंबरा ओलांडता आला नाही. ते गेल्यावर तिचा थोरला भाऊ एकटाच आमच्याकडे आला. अण्णा म्हणतो आम्ही त्यांना. त्यांनी चहा घेतला, आमच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बहिणीला म्हणाले, "आता येत जा." बाकी कुठलाच विषय त्यांनी काढला नाही.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात ख्रिस्ती झाले. मी जन्मलो तेव्हा घरात येशू होताच. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी स्वतःला विचारलं नाही. आमच्या लेकीचा बाप्तिस्मा ती पाळण्यात असतानाच झाला. बायकोनं त्याला हरकत घेतली नाही. पोरीला नवं झबलं तिनंच शिवलं होतं.

एकदा आमच्या पाळकसाहेबांनी कुंभार आणि माती यांच्यावर उपदेश केला. देव सर्वसत्ताधीश आहे, कुणाला तारायचं हे त्यानं जगाच्या आधीच ठरवलंय, माणसाच्या पुण्यानं किंवा इच्छेनं ते बदलत नाही, असं ते समजावून सांगत होते. ते पोटतिडकीनं बोलत. बायको मान पुढे काढून ऐकत होती. घरी आल्यावर मेथी निवडताना ती म्हणाली, "मातीला हो म्हणावं लागतं का हो?"

"म्हणजे?"

"कुंभारानं ठरवलंय ना सगळं. मग मला दर साली पाळकसाहेब का विचारतात, बाप्तिस्मा घेता का म्हणून? मातीला कोण विचारतं?"

मी हसलो. पुढच्या रविवारी मी हे पाळकसाहेबांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, "हा प्रश्न मला सेमिनरीत असल्यापासून छळतोय. त्यांना सांगा, दोन्ही खरं आहे. तो निवडतो आणि तो विचारतोही. हे दोन्ही एकत्र कसं बसतं, ते मला सांगता येत नाही."

मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "माणूस खरं बोलतो." तेव्हापासून तिला ते आवडायला लागले.

मग तिचं पोट दुखायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी अंडाशयाचा कॅन्सर सांगितला. लेक लग्न होऊन लातूरला होती, म्हणून उपचार तिथं घ्यायचं ठरलं. केमोसाठी आम्ही लेकीकडे जाऊन राहायचो. लेक शाळेत शिकवते. शाळेतून आली की पर्स ठेवून आधी आईच्या कपाळाला हात लावायची. आईचे केस गेले तेव्हा तिनं स्वतःची लांबसडक वेणी कापून टाकली. आई तिला त्यावरून लई बोलली.

केमोचा उपयोग होत नाही, हे कळल्यावर लेकीनं विषय काढला. संध्याकाळची वेळ होती. मी बाजूलाच पेपर घेऊन बसलो होतो.

"आई, आता तरी बाप्तिस्मा घे ना."

"आता तरी म्हणजे?"

लेकीनं आईची चादर सारखी केली. मग म्हणाली, "तू घेतला नाहीस तर आपली पुन्हा भेट नाही व्हायची."

"तुझा येशू मला दारातून माघारी लावंल असं वाटतं का तुला?"

"नाही वाटत. पण मला खात्री पाहिजे."

आईनं तिचा हात धरला. म्हणाली, "मी भिऊन हो म्हणलं तर ते कुणाला चालंल? तुला चालंल. त्याला चालंल का?" लेक उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून तिच्या रडण्याचा आवाज येत होता. मला उठून तिच्याकडे जावं की हिच्याजवळ बसावं कळेना. मी बसून राहिलो.

डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा बायकोनं नांदेडचंच घर मागितलं. तिथं एका दुपारी, मी तिचे पाय चेपत असताना, तिनं मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. आम्ही लग्न करून उदगीरला आशीर्वाद मागायला गेलो होतो, तेव्हा मी रस्त्यावर थांबलो आणि ती एकटी दारापर्यंत गेली होती. तिचे वडील बाहेर आले आणि म्हणाले, एका माणसासाठी तू देव विकलास.

"तवाच मी ठरवलं," ती म्हणाली, "की अप्पाचं हे बोलणं खरं होऊ द्यायचं न्हाई. माणसासाठी घर सोडलं, ते सोडलं. देव माणसासाठी बदलायचा न्हाई. पुढं मला येशू खरंच आवडाया लागला. रोज त्याच्याशी बोलते मी. पण बाप्तिस्मा घ्यायचं मनात आलं की वाटायचं, हे त्याच्यासाठी हाय का तुमच्यासाठी? कधी उत्तर मिळालं न्हाई."

"आणि आता?"

"आता तर पोरीसाठी होईल." ती दमली होती. तरी म्हणाली, "हे पोरीला आत्ता सांगू नका. तिला आजोबाचा राग येईल. बिचाऱ्यानं तिला पाहिलं बी न्हाई."

मग तिनं विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, मी कुठं जाईन?"

लहानपणापासून शिकलेली सगळी उत्तरं मला पाठ होती. पण मी म्हणालो, "मला माहीत नाही गं." तिनं मान हलवली. मग म्हणाली, मातीचं म्हणाल तर मला अप्पाजवळ देवणीला न्या. बाप्तिस्मा नसताना तुमच्या कब्रस्थानात जागा मागायची, त्यावर कमिटीनं बैठक घ्यायची, ते मला नको. आपण दोघं शेजारी असू हे मी धरूनच चाललो होतो. पण मी बरं म्हणालो.

चार-पाच दिवसांनी तिची शुद्ध गेली. लेक लातूरहून आली, तिनं पाळकसाहेबांना बोलावलं. दुपारची वेळ होती, बाहेर ऊन रखरखत होतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आमेन झाल्यावर लेक आत गेली आणि पितळेच्या वाटीत पाणी घेऊन आली. वाटी त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "करा. मी तिच्या वतीनं हो म्हणते. माझ्या वेळी नाही का, मी पाळण्यात असताना तुम्ही लोकांनी माझ्या वतीनं म्हटलं?"

त्यांनी वाटी हातात घेतली. मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही बोला," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हणालात तर मी करतो."

बायकोचा श्वास घरघरत होता. मला हो म्हणायचं होतं. माझ्या जिवाला त्या पाण्याचा आधार हवा होता. मलाही पुन्हा भेट हवी होती. पण तिनं इतकी वर्षं तो एक होकार कुणाला दिला नव्हता, मलासुद्धा नाही. ती बोलू शकत नव्हती म्हणून तो मी काढून घ्यावा, हे मला जमेना.

"नको," मी म्हणालो. "तिचं तिला राहू द्या."

लेकीनं माझ्याकडे बघितलंच नाही. पाळकसाहेबांच्या हातातून वाटी घेतली आणि आत निघून गेली. त्याच दिवशी, ऊन उतरताना, बायको गेली.

अण्णा जीप घेऊन आले. बहिणीजवळ बराच वेळ बसले. मग मला म्हणाले, "दाजी, तुमचं काय म्हणणं हाय?" मी तिची इच्छा सांगितली. ते एकदम रडायला लागले. एवढा धिप्पाड माणूस, भिंतीला डोकं लावून रडत होता. "अप्पाला आता बरं वाटंल," एवढंच म्हणाले.

पाळकसाहेब आमच्याबरोबर देवणीपर्यंत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण नकोही म्हणालं नव्हतं. शेतात बांधाजवळ अण्णांच्या घरच्या समाध्या आहेत. तुरी काढून झाल्या होत्या, रान मोकळं होतं. त्यांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून, कपाळाला विभूती लावून, बेलाची पानं वाहून मातीत ठेवलं. जंगमांचे मंत्र म्हणून झाले तेव्हा अण्णा मागे वळून पाळकसाहेबांना म्हणाले, "साहेब, ती तुमच्यात बी बसायची. तुम्ही बी तुमचं म्हणा."

ते पुढे आले. आमच्या दफनाच्या प्रार्थनेत, मेलेला माणूस प्रभूमध्ये पुन्हा उठेल अशा खात्रीचं एक वाक्य आहे. मी ते कितीतरी मातींना ऐकलं आहे. पाळकसाहेब त्या वाक्यापाशी आले आणि थांबले. मग म्हणाले, "प्रभू, आम्ही हिला तुझ्या हाती देतो." आणि आमेन म्हणून मागे सरकले. खात्रीचं वाक्य त्यांनी गाळलं. गावातल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही. लेकीच्या आलं. परतताना जीपमध्ये ती हळूच म्हणाली, "पप्पा, ऐकलंत ना?" त्यानंतर बरेच महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. फोनवर जेवलात का विचारायची, औषध घेतलं का विचारायची, ठेवून द्यायची.

मी एकदा पाळकसाहेबांना विचारलं, ते वाक्य का गाळलं. चर्च रिकामं झालं होतं, ते खिडक्या लावत होते. म्हणाले, "आदल्या दिवशी तुम्ही मला त्यांच्या वतीनं काही करू दिलं नाही. मग शेतात मी त्यांच्या वतीनं खात्री कशी देणार? मी नुसतं हाती दिलं. तारणारा तो आहे. तुमच्या-माझ्या म्हणण्याची त्याला गरज असती तर तो देव कसला?" मग एक खिडकी लागेना, तिच्याशी झटत राहिले. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. मी तसंच शिकवतो. पण ताईंसाठी करतो." त्यांची नंतर बदली झाली.

गेल्या नाताळात लेक राहायला आली. स्वयंपाकघरात पुरणपोळ्या करत होती, मी ओट्याशी उभा होतो. ती आपणहून म्हणाली, "तुमचा राग गेला माझा, पप्पा. आता आईचाच येतो. माझ्यासाठी एवढं का नाही केलं तिनं?"

तेव्हा मी तिला उदगीरच्या दारातली गोष्ट सांगितली. अप्पांचं बोलणं, आईनं ठरवलेलं, आणि शेवटी म्हणाली तेही, की आता पोरीसाठी होईल. लेकीचं लाटणं थांबलं. हाताला पीठ होतं म्हणून तिनं मनगटानं डोळे पुसले.

"म्हणजे तिला येशू आवडायचा," ती म्हणाली.

"रोज बोलायची त्याच्याशी. मला तसं म्हणाली."

"मग झालं की. अजून काय लागतं?" हे ती मला विचारत होती की स्वतःला, कळलं नाही. तवा तापून धूर यायला लागला, तिनं घाईनं पोळी टाकली. उलटताना ती फाटली आणि पुरण तव्यावर सांडलं. ती तशीच बघत उभी राहिली. मग मी गॅस बंद केला.