पहारेकऱ्याच्या मुठीत

लतीफभाई पेंटर ब्रश उचलण्याआधी भिंतीला कान लावायचे. कासारवाडीत एका कारखान्याच्या कुंपणभिंतीला ते असे चिकटून, डोळे मिटून उभे असताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. वाटलं, चक्कर आली. धरायला गेलो तर म्हणाले, “थांबा राव. आत कोन कोन हाय ते बघू द्या.”

आत होता निळा पहारेकरी. पंधरवड्याला निघणाऱ्या चित्रकथेतला मुखवटेवाला वीर. पिंपरी कॅम्पातल्या दुकानांत दोरीला टांगलेले त्याचे अंक वाचत आमची पिढी वाढली. त्याचा मुखवटा कधी बदलला नाही; मुखवट्यामागचा माणूस मात्र वारं फिरेल तसा बदलला. चीनच्या लढाईत तो रजेवर आलेला हवालदार निघाला. पुढे पदवीधर पोरं नोकरीविना हिंडायला लागली, तर हाही बेकार पदवीधर झाला आणि साठेबाजांच्या गोदामांची कुलपं फोडू लागला. आणीबाणीत एका अंकात मुखवटा उतरला, तर खाली सरकारी अधिकारी! शिफ्टला उशिरा येणाऱ्या कामगाराची मानगूट धरणारा. आणि छापणार असं, की तो पहिल्यापासून हाच होता. मागच्या अंकांबद्दल अवाक्षर नाही. याला मी लबाडी म्हणतो.

लतीफभाई म्हणायचे, “मुखवट्याला दोन भोकं. आतून बघनारा बदलला, तर भोकांवर कशाला चिडता?”

भिंतींवरचे सगळे पहारेकरी त्यांनी एकाच खाक्यावरून काढले होते. जाड कागदावर आकृती, तिच्या रेघांवर सुईनं पाडलेली भोकं. कागद भिंतीला टेकवायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची, की आकृती भिंतीवर उतरे. उजवी मूठ उगारलेली. डाव्या खांद्याशी उंदरानं कागद कुरतडलेला, म्हणून तिथं प्रत्येकाला एक खाच. मुठीत काय द्यायचं, ते मात्र काळ सांगेल तसं. याच कुंपणभिंतीवर लढाईत बंदूक दिली. आणीबाणीत चुना मारून तिथंच दंडा दिला.

मग त्याच कारखान्यात आमचा संप आला. आमचे पुढारी मोहिते यांना त्या भिंतीवर पहारेकरी हवा होता. रिकाम्या मुठीचा, कामगाराचा.

“तो खरा कामगाराचाच आहे,” मी म्हणालो.

“समदे असंच म्हनत आले, पत्रकवाले.” संघटनेची पत्रकं मी लिहायचो, म्हणून मला ते याच नावानं हाक मारत. “पन ही भित नको. बंदूक ऑइल पेंटची हाय. लोकांनी हौसेनं आनून दिलेला रंग व्हता. दंडा नुसता पान्यात कालवलेल्या रंगाचा. दंडा जाईल, बंदूक न्हाई जायची.”

“चाचा, चुना दोन हात जास्त मारा की!” मोहिते हसले. “फाटकाशेजारची भिंत आहे. जाता-येता सगळी कंपनी बघेल.”

लतीफभाईंनी मान हलवली. “तुमचं मागनं खरं हाय म्हनून काढतो. भितीचा भरवसा देत न्हाई.”

संप चालू असतानाच वळीव झोडपून गेला. ऑइल पेंटवर चुना धरत नाही, पापुद्रे निघाले. खाका एकच, त्यामुळे लढाईतली बंदूक नेमकी संपकऱ्याच्या मुठीत बसली. सकाळी फाटकाशी माणसं जमली होती. पोलिसांची गाडी आली. फौजदार उतरून लतीफभाईंवर खेकसला.

“कामगारांच्या हातात बंदुका देतोस काय रे म्हाताऱ्या?”

“साहेब, ही चीनवर रोखलेली हाय. तुमच्याच ठान्यानं रंगवून घेतली व्हती. तवा हार घातला व्हता मला.”

“पुरावा?”

“ह्यो काय, भितीवर!”

फौजदारानं त्यांना गाडीत घातलं आणि खाका जप्त केला. मी पत्रक लिहिलं. मोहित्यांनी त्यातून लतीफभाईंचं नाव खोडलं. म्हणाले, “पेंटर आपला सभासद नाही.”

लतीफभाई सुटून आले तेव्हा त्यांची उजवी मूठ मिटत नव्हती. “जिन्यावरनं पडलो,” म्हणाले. त्या ठाण्याला जिना नाही.

संप मोडला. काही महिन्यांत भिंतीवर नवा पहारेकरी आला. डोक्यावर हेल्मेट, मुठीत पाना, खाली ‘शिस्त हीच सुरक्षा’. चित्रकथेतही आता तो कारखानदाराचा मुलगा निघाला आहे. आणि भिंतीवरच्या या पहारेकऱ्याच्या डाव्या खांद्याला खाच आहे! पुरावा म्हणून जप्त झालेला खाका कंपनीच्या पेंटरकडे कसा पोचला? मी हे जाहीर विचारलं आहे. 

मी लतीफभाईंना तिथं घेऊन गेलो. त्यांनी वाकड्या बोटांनी ती खाच चाचपली. “हाय माझाच.”

“तक्रार करू.”

“कुनाकडं, भाऊ? खाका ज्यांनी नेला त्यांच्याकडं?”

मग सवयीनं त्यांनी भिंतीला कान लावला. बराच वेळ.

“आत कोण कोण आहे?” मी विचारलं.

“समदे हायेत. पन या बारीला रंग लई चांगला वापरलाय.”

त्या हिवाळ्यात लतीफभाई गेले. त्यानंतर कितीतरी पावसाळे झाले. प्रत्येक मोठ्या सरीनंतर मी जाऊन भिंत बघतो. एक पापुद्रासुद्धा निघालेला नाही.